तेराव्या मात्रेचा खोकला

आमच्या पिढीला ‘बीट’ दोनच ठाऊक. एक कोशिंबिरीतलं आणि दुसरं हवालदाराचं. त्यामुळे आमचे चिरंजीव जेव्हा म्हणाले, "बाबा, मी हल्ली घरीच बीट बनवतो," तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी किसणी जागेवर आहे का ते पाहिलं.

नंतर उलगडा झाला. हिप हॉप नावाच्या संगीतात जो गडी दम न घेता बोलत असतो, त्याच्या मागे जे वाजतं ते बीट. चिरंजीवांना तो बोलणारा गडीसुद्धा नको. नुसतं मागचंच. म्हणजे नवरदेवाशिवाय वरात!

"अरे, हे न्यूयॉर्कचं खूळ. आपल्या गुलमंडीवर त्याचं काय काम?" मी विचारलं.

"बाबा, ज्यांनी हे काढलं त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. आणि आपलं शहर 1610 साली खडकी नावानं कोणी वसवलं? मलिक अंबरनं. तो कुठला? इथिओपियाचा."

मी जन्मभर भडकल दरवाज्याखालून सायकल नेली, पण मला कधी हा मुद्दा सुचला नव्हता. मी मुकाट्यानं खुर्ची ओढली आणि चिरंजीवांनी वर्ग सुरू केला.

11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक अव्हेन्यूवर 1520 नंबरची इमारत. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आत नवे कपडे हवे होते. तिनं तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. तबकड्या लावायला घरचाच भाऊ, कूल हर्क. गाणं थांबून नुसता ड्रम वाजू लागला की पोरं जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. पण तो तुकडा चार-दोन सेकंदांचा. मग त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर चढवल्या. इकडचा तुकडा संपला की तिकडचा, तिकडचा संपला की पुन्हा इकडचा. सेकंदांची मिनिटं झाली.

"अरे, हा तर लेहरा!" मी ओरडलो.

वाचकहो, एकट्या तबल्याची मैफल असते तेव्हा शेजारी एकजण पेटीवर सुरावटीची एकच ओळ घोळवत असतो. तबलजी वाटेल तिथे उधळतो, पण समेवर परत येतो तो या ओळीच्या भरवशावर. तो लेहरा. आमच्या वडिलांनी या शहराचं नाव औरंगाबाद होतं त्या काळात तीस वर्षं लेहराच धरला. मैफलीच्या पत्रकावर तबलजीचं नाव ठळक असे. वडिलांचं बहुधा नसेच.

पुढे यंत्रं आली. 1980 साली जपानी रोलँडचं ‘808’ निघालं, त्यावर ओळीनं सोळा बटणं. ते खऱ्या ड्रमसारखं वाजेना. 1983 साली त्याचं उत्पादन थांबलं. मग जुन्या बाजारात ते स्वस्त झालं, आणि गरीब पोरांनी त्याचं सोनं केलं. आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 साली त्याच्या ठेक्यावर चक्क दहा राग वाजवले होते. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. 1988 साली अकाईचं ‘एमपीसी’ आलं. कुठल्याही तबकडीचा तुकडा कापून त्यात भरायचा आणि बोटांनी वाजवायचा. त्यावरही सोळा चौकोन, चाराच्या चार ओळी. सोळांपैकी पाचव्या आणि तेराव्या घरात सहसा ड्रमचा फटका. आपल्या तीनतालात तिथेच टाळी!

एवढं ज्ञान घेऊन मी निजलो. परवा मध्यरात्री जागा झालो तो पेटीच्या आवाजानं. वडिलांची पेटी. वडील जाऊन तीस वर्षं झाली.

1984 सालची ती कॅसेट मी कपाटात डांबराच्या गोळ्यांत जपली होती. टेपरेकॉर्डर बिघडला म्हणून ऐकत नाही, असं मी सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. त्या कॅसेटमध्ये त्यांचा खोकला आहे. शेवटच्या वर्षी तो पलीकडच्या खोलीतून यायचा आणि मी उशीत डोकं खुपसायचो.

चिरंजीवांनी तेच एक आवर्तन कापून खाली ढोल घातला होता. दर आवर्तनाला वडील खोकत होते.

"कोणाला विचारून घेतलंस?" माझा आवाज चढला.

"चुकलं, बाबा. उद्या विचारणारच होतो. 1981 च्या ‘ज्योती’मधलं लताबाईंचं गाणं अमेरिकनांनी 2002 साली न विचारता घेतलं. पुढच्या वर्षी तिथल्या कोर्टानं बजावलं, बप्पी लाहिरींचं नाव घातल्याशिवाय तबकडी विकायची नाही. पण 1969 साली सहा-सात सेकंद ड्रम वाजवणारा ग्रेगरी कोलमन? त्याचा तुकडा हजारो गाण्यांत गेला. 2006 साली तो वारला, त्या तुकड्याचा एक पैसा न मिळता."

मी गप्प बसलो. मग म्हटलं, "तो खोकला तरी काढ."

"नाही बाबा. मोजून बघा. बरोबर तेराव्या मात्रेला येतो. आजोबा टाळीवर खोकायचे."

मी मोजलं. खरं होतं.

परवानगी दिली, एका अटीवर. आता त्या बीटच्या नावाखाली पहिली ओळ आहे ‘लेहरा’ आणि पुढे वडिलांचं पूर्ण नाव. चिरंजीवांचं त्याच्या खाली.

रोज रात्री एकदा ते लागतं. तेराव्या मात्रेला वडील खोकतात आणि मी मांडीवर टाळी देतो.