साधारण अपवाद (भारतीय फौजदारी कायदा)

साधारण अपवाद म्हणजे भारतीय फौजदारी कायद्यातील अशा तरतुदी, ज्यांच्यामुळे एरवी गुन्हा ठरणारी कृती विशिष्ट परिस्थितीत गुन्हा ठरत नाही. या तरतुदी भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या तिसऱ्या प्रकरणात (कलम १४ ते ४४) आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी त्या भारतीय दंड संहिता, १८६० च्या चौथ्या प्रकरणात (कलम ७६ ते १०६) होत्या. त्या तारखेपूर्वी घडलेल्या कृत्यांना आजही जुन्याच संहितेची कलमे लागू होतात.

स्वरूप व व्याप्ती

आरोप नाकारणे आणि अपवादाचा आधार घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'हे कृत्य मी केलेच नाही' असे म्हणणारा आरोपी घटनेशी असलेला आपला संबंध नाकारतो. अपवादाचा आधार घेणारा आरोपी सामान्यतः कृत्य मान्य करतो. मात्र ज्या परिस्थितीत ते घडले, तीत कायद्याने ते गुन्हा ठरत नाही, असे त्याचे म्हणणे असते.

फौजदारी कायदा हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय असल्याने केंद्राप्रमाणेच राज्येही गुन्हे व शिक्षा ठरवणारे कायदे करू शकतात. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आणि महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ (मकोका) ही त्याची उदाहरणे होत. साधारण अपवादांच्या प्रकरणात 'अपराध' या शब्दात विशेष व स्थानिक कायद्यांखालील अपराधांचाही समावेश होतो. त्यामुळे राज्याच्या कायद्याखालील खटल्यातही आरोपीला या अपवादांचा आधार घेता येतो.

प्रमुख अपवाद

तथ्यविषयक चूक (कलम १४ व १७): वस्तुस्थितीबद्दल सद्भावनेने गैरसमज होऊन केलेले कृत्य क्षम्य ठरू शकते, कायद्याचे अज्ञान मात्र बचाव ठरत नाही. राम बहादूर थापा खटल्यात आरोपीने रात्रीच्या वेळी समोरच्या आकृत्यांना भुते समजून कुकरीने वार केले होते. प्रत्यक्षात त्या गावातील स्त्रिया होत्या. ओरिसा उच्च न्यायालयाने त्याला तथ्यविषयक चुकीचा लाभ दिला. याउलट महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज या प्रकरणात झुरिकहून मनिलाला निघालेल्या प्रवाशाकडे नोव्हेंबर १९६२ मध्ये मुंबई विमानतळावर सुमारे ३४ किलो सोने सापडले. सोन्याविषयीची नवी अधिसूचना आपल्याला ठाऊक नव्हती, हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फेटाळला.

अपघात व निकड (कलम १८ व १९): कायदेशीर कृत्य कायदेशीर मार्गाने, योग्य काळजी घेऊन करत असताना गुन्हेगारी हेतूविना झालेला अपघात गुन्हा नसतो. मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेली लहान हानीही या गटात येते.

वय व मनोविकलता (कलम २० ते २२): सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य गुन्हा नसते. सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता त्याला होती का, हे पाहिले जाते. मनोविकलतेच्या तरतुदीवर इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन नियमांची छाप आहे. केवळ मानसिक आजाराचे निदान येथे पुरेसे नसते. कृत्याच्या वेळी आरोपी त्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास असमर्थ होता का, हा निर्णायक प्रश्न असतो.

नशा (कलम २३ व २४): इच्छेविरुद्ध किंवा नकळत दिल्या गेलेल्या मादक पदार्थामुळे समज नष्ट झाली असेल तरच हा अपवाद लागू होतो. स्वेच्छेने केलेली नशा ही सबब ठरत नाही.

धाक (कलम ३२): तत्काळ मृत्यूच्या वाजवी भीतीपोटी केलेले कृत्य क्षम्य आहे. मात्र खून आणि मृत्युदंडास पात्र असलेले राज्यविरोधी अपराध यातून वगळलेले आहेत.

खासगी बचावाचा हक्क (कलम ३४ ते ४४): स्वतःच्या वा इतरांच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हा हक्क आहे. सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास वेळ असेल तर तो मिळत नाही आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, ते कलम ३८ सांगते. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या उद्देशाने केलेला हल्ला, अपहरण, आम्लहल्ला इत्यादी प्रसंग त्यात आहेत. हल्लेखोर मनोविकल असला तरी हा हक्क कायम राहतो.

शाबितीचा भार

गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी नेहमी सरकारी पक्षावर असते. आपले प्रकरण अपवादात बसते हे दाखवण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०८ नुसार (पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम १०५) आरोपीवर असतो. हे दोन्ही भार सारखे नाहीत. आरोपीने आपले म्हणणे अधिक संभाव्य असल्याचे दाखवले तरी पुरते. दाह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य (१९६४) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक बाब स्पष्ट केली: आरोपीला मनोविकलता पूर्णपणे सिद्ध करता आली नाही, तरी त्याच्या पुराव्यामुळे गुन्ह्याच्या एखाद्या आवश्यक घटकाविषयी वाजवी शंका निर्माण झाल्यास तो निर्दोष सुटण्यास पात्र ठरतो.

आंशिक बचाव

काही बचावांमुळे आरोपी सुटत नाही, पण गुन्ह्याची तीव्रता कमी होते. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभनामुळे झालेली हत्या खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरते. मुंबईत १९५९ मध्ये घडलेल्या के. एम. नानावटी प्रकरणात नौदल अधिकारी असलेल्या आरोपीने झटापटीत चुकून गोळ्या सुटल्याचा आणि पर्यायाने प्रक्षोभनाचा बचाव मांडला होता. पत्नीची कबुली ऐकल्यानंतर त्याने जहाजावरून रिव्हॉल्व्हर मिळवले होते. घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले असल्याने मनावर ताबा मिळवण्यास पुरेसा अवधी होता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दोन्ही बचाव फेटाळले व जन्मठेप कायम ठेवली.

अन्यत्र उपस्थितीचा बचाव

घटनेच्या वेळी आपण दुसरीकडे होतो, हा बचाव साधारण अपवादांत मोडत नाही. तो पुराव्याच्या सुसंगततेशी संबंधित नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने बिनय कुमार सिंग विरुद्ध बिहार राज्य (१९९७) या निवाड्यात ही बाब स्पष्ट केली. आरोपीची घटनास्थळावरील उपस्थिती आधी सरकारी पक्षानेच सिद्ध करावी लागते. ती समाधानकारकपणे सिद्ध झाल्यावर मात्र, आपण तेथे असणे शक्यच नव्हते, हे आरोपीला निश्चितपणे दाखवून द्यावे लागते.