अंदाज आणि आकडे

फारसीतून आलेला ‘अंदाज’ हा शब्द मराठीत असा मुरला, की सरकारच्या जमाखर्चालाही आपण ‘अंदाजपत्रक’ म्हणतो. उर्दूत त्याचा अर्थ ढब, शैली असा होतो. मी कवितेचा माणूस. मला दोन्ही अर्थ जवळचे. धंदा सांभाळणाऱ्याच्या अंदाजालाही त्याची अशी एक ढब असते. त्या अंदाजाला संगणकाने हात कसा दिला, ते पाहण्याजोगे आहे.

१९६० च्या दशकात मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी हार्वर्डमधील प्रबंधासाठी एक प्रयोग केला. धुलाईयंत्रांचे उत्पादन किती घ्यायचे, हे ठरवणारे विक्री आणि उत्पादन विभागांचे अधिकारी त्यांनी संगणकाच्या पडद्यासमोर बसवले. आकडे पडद्यावर दिसत. निर्णय मात्र माणसांचाच राही.

पुढे १९७८ मध्ये हार्वर्डच्याच बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी होता. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला, की पुढचे कितीतरी पुसून पुन्हा मांडावे लागत. त्याने बॉब फ्रँकस्टन यांच्यासह ‘व्हिजिकॅल्क’ घडवले. १९७९ मध्ये ते ‘ॲपल टू’ संगणकावर आले. एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप बदलत. ‘भाव दोन रुपयांनी उतरला तर?’ ही मनातली शंका क्षणात पडताळता येऊ लागली.

पण अंदाज येतो कुठून? अर्थशास्त्राचे १९७८ चे नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी विल्यम चेस यांच्यासह १९७३ मध्ये बुद्धिबळावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खऱ्या डावातला पट मुरलेल्या खेळाडूला पाच सेकंदांत पुष्कळसा लक्षात राही. सोंगट्या कशाही मांडल्या, की त्याची सरशी जवळजवळ संपे. म्हणजे अंतःप्रेरणा ही दैवी देणगी नव्हे, ती सरावाने आलेली ओळख आहे.

धोकाही इथेच आहे. चौकटीत नीट बसलेला आकडा खरा वाटू लागतो. मग मनात आधीच ठरलेले उत्तर येईपर्यंत आकडे फिरवले जातात. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये बजावले, की जिथे परिस्थितीला काही नियम असतो आणि आपली चूक आपल्याला कळत राहते, तिथेच अंदाजावर विसंबावे.

म्हणून संगणकाकडून एवढेच काम घ्यावे: आजचा अंदाज तारखेसह नोंदवावा आणि वर्षाने प्रत्यक्षाशी ताडून पाहावा. कामगार कमी करण्याचा निर्णय चुकला, तर घरी कामगार बसतो, संगणक नव्हे. ‘यंत्राने सांगितले’ हे त्याला द्यायचे उत्तर होऊ शकत नाही.