दिक्पालांचा जपानी अवतार

मावल्याहून फार दूर नसलेल्या जैनथ गावी लक्ष्मीनारायणाचे प्राचीन मंदिर आहे. त्या गावच्या शिलालेखात परमार जगद्देवाचे नाव येते. म्हणजे काळ इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या आसपासचा. त्या युगातील देवळांवर अष्टदिक्पाल कोरण्याची रीत सर्वत्र होती. आग्नेयेस अग्नी, पश्चिमेस वरुण, वायव्येस वायू, हा क्रम वाचकांस परिचित आहेच.

त्याच सुमारास, ११२७ मध्ये, जपानातील क्योतो नगरीच्या तो-जी मठासाठी बारा देवांची चित्रे रेखाटली गेली. ते देव म्हणजे आपलेच आठ दिक्पाल, आणि त्यांच्या जोडीला ब्रह्मा, पृथिवी, सूर्य व चंद्र. कूकाई नामक भिक्षू ८०६ मध्ये चीनहून परतला, तेव्हा मंत्रमार्गाबरोबर या देवतांची उपासनाही त्याने जपानात रुजविली. अग्नी तेथे ‘कातेन’ झाला, वरुण ‘सुइतेन’.

पुढे सुमारे बारा शतकांनी, २००४ मध्ये, ‘अ‍ॅटलस’ या जपानी संस्थेने ‘डिजिटल डेव्हिल सागा’ नावाचा खेळ ‘प्लेस्टेशन २’ या यंत्रासाठी काढला. त्याच्या जपानी नावात ‘अवतार’ हाच शब्द आहे. नगरांची नावे मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत. आणि ‘कर्ममंदिरा’च्या आज्ञेने टोळ्या निर्वाणासाठी झुंजतात. पाच प्रमुख योद्धे वरुण, अग्नी, पृथिवी, वायू आणि द्यौस् यांची रूपे धारण करतात. पाचांपैकी चौघे तो-जीच्या चित्रांतलेच. परंतु नावे कातेन-सुइतेन अशी नाहीत, संस्कृतच आहेत. मठाची परंपरा ओलांडून ती थेट ग्रंथांतून उचललेली दिसतात.

या खेळाची कीर्ती त्याच्या युद्धनियमामुळे टिकली. तीन योद्धे, तीन पाळ्या. शत्रूच्या दुर्बळ अंगावर आघात झाला तर अर्धीच पाळी खर्ची पडते. नेम चुकला तर दोन जातात. शत्रूने आघात परतविला अथवा पचविला तर उरलेल्या सर्व. शत्रूलाही हाच नियम लागू. वरुणाचे बळ हिमात आणि भय अग्नीचे. अग्नीचे नेमके उलट. तेव्हा प्रतिपक्षाचा स्वभाव ओळखल्यावाचून केवळ बळाचा उपयोग नाही. २००३ च्या ‘नॉक्टर्न’ या खेळात हीच पद्धती प्रथम आली होती.

विद्या मात्र ‘मंत्रां’नी मिळते, आणि मंत्र पैसे मोजून घ्यावा लागतो. (गुरू नाही, दीक्षा नाही!) तो सिद्ध होण्यास युद्ध करावे लागते, शत्रूस भक्षण केल्यास सिद्धी लवकर येते, अतिभक्षणाने पोटशूळ उठतो.

देवांची नावे खेळात आली, एवढ्याने आमच्या मते विटाळ होत नाही. आक्षेप आहे तो अन्य ठिकाणी. ऋग्वेदातील अग्नी हवि ग्रहण करतो तो इतर देवांस पोचविण्यासाठी. तो हव्यवाहन आहे. खेळातला अग्नी खातो तो स्वतःच्या उदरासाठी. जल व अग्नी यांचे वैर रचनाकारांनी अचूक टिपले, यज्ञातील वाटप तेवढे गळाले.

वरुणाची उपासना जपानात पुस्तकांपुरतीच उरली, असे मात्र कोणी समजू नये. तोक्योच्या सुइतेन्गू देवळात गर्भवती स्त्रिया सुखप्रसूतीसाठी आजही नवस बोलतात. १८६८ नंतर शासनाने बौद्ध व शिंतो देवस्थाने विभक्त केली, तेव्हा तेथील देव आमे-नो-मिनाकानुशी ठरविण्यात आला; देवळाच्या नावातला सुइतेन तसाच राहिला.