पत्र्यातली भोके

मोटारीतल्या आवाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण कागदांची. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, ही नोंद सहज सापडते. पण त्या केंद्राचा आवाज धरमपेठेतल्या किंवा महालातल्या मोटारीत कोणत्या स्पीकरमधून ऐकला जाई, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. बिले हरवली, बसवणारे मिस्त्री गेले. उरला तो पत्रा. म्हणून गेली काही वर्षे मी भंगारात निघालेल्या आणि हौशी लोकांनी जपलेल्या जुन्या गाड्यांतली भोके मोजत हिंडतो. भोकाचा आकार, त्याची जागा, कड करवतीने कापलेली की छिन्नीने, एवढ्यावरून पुष्कळ कळते. मुख्य म्हणजे, स्पीकर कुठे बसवला यावरून तो कोणाच्या कानासाठी होता, ते कळते.

मोटारीत रेडिओ बसवण्याचा धंदा अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मार्गी लावला. ‘मोटोरोला’ हे नाव मुळात त्या मोटार-रेडिओचे. हे संच व्हॉल्व्हचे आणि बॅटरीला जड. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रान्झिस्टर आला आणि ते ओझे उतरले. आपल्याकडे अँबॅसडर-फियाटच्या जमान्यात रेडिओ बहुधा बाहेरून बसवून घ्यावा लागे. घरच्या संचाप्रमाणे त्यालाही परवाना लागे. ती भानगड ऐंशीच्या दशकात संपली. विविध भारतीची जाहिरातसेवा १ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी. नागपूरकराला याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

त्या काळच्या गाडीत स्पीकरचे भोक एकच, पुढे, डॅशबोर्डपाशी. याला कंजूषपणा म्हणू नये. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात सेकंदाला चार-पाच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही पोचतच नाही. झांजेची झणक मुळात येत नसेल तर स्पीकरने ती आणायची कोठून? कागदी कोनाचा एक स्पीकर पुरेसा होता. मिस्त्रीचे खरे कसब वेगळेच असे. इंजिनातल्या प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत ‘टर्रर्र’ करून उमटे. ती दाबण्यासाठी प्लगच्या तारेत रोधक आणि डायनॅमोवर कंडेन्सर लावावा लागे. चालक स्टेशन लावी आणि गाडीतले सगळे तेच ऐकत.

नागपूर म्हणजे जुन्या ६ आणि ७ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गांचा चौक. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तीही नागपूरच्याच एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर. रात्री मध्यम लहरी आकाशातून परावर्तित होऊन लांब जातात; म्हणून नागपुरातून निघालेला आवाज शेकडो मैलांवरच्या ट्रकच्या केबिनमध्ये पोचे. ही वाहिनी २०१९च्या सुरुवातीला बंद झाली. त्या रात्रींच्या ऐकण्याचा इतिहास कोणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवा.

दुसरे भोक कॅसेटने पाडले. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट आपल्या गाड्यांत स्थिरावली ती ऐंशीच्या दशकात. आवाज दोन वाटांनी येऊ लागला, म्हणून स्पीकर दोन. आणि ते गेले मागच्या काचेखालच्या फळीवर, सहा बाय नऊ इंचांचे लंबगोल. हा आकार दिसण्यासाठी निवडलेला नाही. फळी अरुंद, तिच्यात सव्वासात इंची गोल स्पीकरइतके क्षेत्रफळ मावते ते लंबगोलातच. शिवाय कोनाच्या पुढून निघणारी हवेची लाट आणि मागून निघणारी उलटी लाट एकत्र आल्या तर खर्ज मरतो. अँबॅसडरची बंद डिक्की या दोघींमधली भिंत होई. १९८३च्या मारुती ८००ला तशी डिक्की नव्हती. मागची फळी पातळ. खर्ज कमी, खडखडाट जास्त.

आता आवाज पाठीमागून येऊ लागला आणि बाहेरही ऐकू जाऊ लागला. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या जीप आणि मेटाडोर आठवाव्यात. तिथेच विकत घेतलेल्या भीमगीतांच्या कॅसेट परतीच्या वाटेवर वाजत. ज्यांच्याकडे सभागृहे नव्हती त्यांचे सभागृह गाडीतच होते. लंबगोल स्पीकरला उथळ हौस म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

उथळपणा होता तो आकड्यांत. नव्वदच्या दशकातल्या खोक्यांवर पाचशे, हजार ‘वॉट’ सर्रास छापलेले असत. हिशेब सोपा आहे. चालू गाडीत विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट, स्पीकर चार ओहमचा. वेगळा अॅम्प्लिफायर नसेल तर साध्या जोडणीत सहा-साडेसहा वॉट, दुहेरी जोडणीत पंचवीसपर्यंत, व्यवहारात पंधरा-वीस. बाकीचे वॉट खोक्यावरच राहतात. तेव्हा स्पीकर निवडताना सलग पेलणारी शक्ती, म्हणजे ‘आरएमएस’, पाहावी. आणि वेगळा अॅम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर थोड्या शक्तीत मोठा बोलणारा स्पीकर घ्यावा.

तिसरे भोक दरवाजातले. इथे मिस्त्रीची परीक्षा. दरवाजा म्हणजे भोकांनी भरलेला पत्र्याचा डबा. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी आत उतरते. ती भोके बुजवायची, पत्र्याला आतून डांबरी किंवा ब्यूटाइलची चादर चिकटवायची, स्पीकरखाली घट्ट रिंग द्यायची. एका बाजूची तार उलटी लागली की दोन्ही स्पीकर वाजतात, पण खर्ज नाहीसा होतो. जुने मिस्त्री दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघतात. कोन बाहेर उडाला तर तार सुलट. महागड्या स्पीकरपेक्षा नीट बुजवलेला दरवाजा अधिक देतो, हे माझे मत मी अनेक गाड्यांत ऐकून बनवले आहे.

नागपुरात आणखी एक गिऱ्हाईक असते, ऊन. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, तर बंद गाडीत मागच्या काचेखाली हात टेकवत नाही. कोनाभोवतीची फोमची कड तिथे काही वर्षांत भुसा होते, रबराची टिकते. मी पाहिलेल्या जुन्या लंबगोलांत कागद शाबूत आणि कड गायब, हे दृश्य नेहमीचे.

चौथी जागा डिक्कीतल्या वूफरच्या खोक्याची. तिला भोक लागत नाही, त्यामुळे माझ्या वहीत ती नाही. तो आवाज मुख्यतः गाडीबाहेरच्यांसाठी असतो.

२०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले. ते मांडणारे मंत्री नागपूरचेच खासदार. धुराचा विचार करता ते योग्यच. मात्र माझी साधने त्याच यंत्राखाली दाबली जात आहेत. नव्या गाडीत भोके कारखान्यातूनच येतात, सगळी सारखी. मागच्या उन्हाळ्यात भंगारात एक अँबॅसडर मिळाली: पुढे गोल भोक, मागे दोन लंबगोल, दरवाजांत दोन गोल, त्यांतले डावे पुढे कोणीतरी पत्रा ठोकून, रिव्हेट मारून बंद केलेले. कोणाला नको झाला असेल तो आवाज? मापे घेतली. आठवड्याभराने गेलो तेव्हा गाडी तिथे नव्हती.