राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन

माता आणि सहा वर्षांखालील बालके यांचे आरोग्य व पोषण सुधारण्यासाठी महाराष्ट्र शासनाने मार्च २००५ मध्ये सुरू केलेला उपक्रम. स्थापनेच्या वेळी त्याचे मुख्यालय औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे होते. बालकाचा आहार, रोगप्रतिबंध, मातेचे आरोग्य आणि बालशिक्षण यांचा विचार एकत्रितपणेच केला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होय.

महाराष्ट्रात या विचाराला मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्याच्या त्यांच्या प्रयोगातून अंगणवाडीची कल्पना साकार झाली. त्यांच्या शिक्षणात स्वच्छता व आरोग्य यांनाही स्थान होते. पुढे १९७० मध्ये रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेड येथे गावातील स्त्रियांनाच आरोग्यशिक्षण देऊन पाणी, आहार, लसीकरण व प्रसूती यांची सांगड घातली. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तीत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, शालापूर्व शिक्षण आणि मातांचे आहार व आरोग्यविषयक शिक्षण अशा सहा सेवांचा अंतर्भाव आहे.

या सेवा कागदोपत्री एकात्मिक असल्या, तरी आहाराची जबाबदारी एका खात्याकडे व उपचाराची दुसऱ्या खात्याकडे राहिली. ‘सर्च’ या संस्थेने इतर स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या कोवळी पानगळ (२००१) या अहवालाने बालमृत्यूंची नोंद फार अपुरी होत असल्याचे दाखवून दिले. २००३ मध्ये शासनाने अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. याच सुमारास मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांच्या औरंगाबाद महसूल विभागात तीव्र कुपोषित (श्रेणी ३ व ४) बालके शोधून काढण्याची मोहीम हाती घेण्यात आली. तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी हेच पुढे मिशनचे पहिले महासंचालक झाले.

मिशनने नवी योजना उभारली नाही. अस्तित्वात असलेल्या खात्यांमध्ये समन्वय साधण्यावर भर दिला. कुपोषित बालकांची संख्या वाढलेली दिसल्यास ठपका येईल, या भीतीने ती लपविली जाते. म्हणून प्रत्येक बालकाचे वजन घेऊन प्रामाणिक नोंद करणे, ही पहिली पायरी मानण्यात आली. अतिसारासारख्या रोगाने बालकाची भूक व वजन घटते आणि अशक्त बालकास रोग पुन्हा लवकर जडतो. हे चक्र केवळ अन्नवाटपाने तुटत नाही. त्यास वैद्यकीय उपचार, शुद्ध पाणी व मातेचे ज्ञान यांची जोड लागते. २०११ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या १,००० दिवसांवर लक्ष केंद्रित करण्यात आले.

२०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणानुसार वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या दोन वर्षांखालील बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील सु. ३९ टक्क्यांवरून सु. २३ टक्क्यांवर आले. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत पाच वर्षांखालील बालकांच्या बाबतीत हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के, तर २०१९–२१ मध्ये ३५.२ टक्के आढळले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण दोन्ही वेळा २५.६ टक्केच राहिले. मराठवाड्यात अवर्षण, मुलींचे लहान वयातील विवाह आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी होणारे स्थलांतर ही कारणे प्रबळ आहेत. आईवडिलांबरोबर फडावर गेलेले मूल कित्येक महिने आपल्या गावच्या अंगणवाडीला दुरावते. बालकाच्या आरोग्याचा प्रश्न कुटुंबाच्या उपजीविकेशी जोडल्याखेरीज मिळालेले यश टिकत नाही, हे मिशनच्या इतिहासातून स्पष्ट होते.