वाट कोणीं सोडावी?

अरुंद वाटेवर दोघे समोरासमोर आले तर बाजूस कोणीं व्हावें, हा प्रश्न मोटारींनीं निर्माण केला अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो रस्त्याइतकाच जुना आहे. आणि त्याला दिलेल्या उत्तरावरून त्या त्या काळच्या समाजाचें अंतरंग चांगलेंच उघड होतें.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत यासंबंधीं स्पष्ट नियम आहे. गाडींत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, भारवाही, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नाचा वर यांना वाट द्यावी. हे सर्व एकत्र आल्यास राजा व स्नातक यांचा मान मोठा, आणि त्या दोघांत स्नातकाचा. या यादींत दोन निरनिराळीं तत्त्वें शेजारीं शेजारीं नांदत आहेत. वृद्ध, रोगी व भारवाही यांना वाट मिळते ती त्यांच्या अडचणीमुळें. राजा व स्नातक यांना मिळते ती पदामुळें. एक दयेचें तत्त्व, दुसरें प्रतिष्ठेचें.

प्रतिष्ठेच्या तत्त्वाचें फळ महाभारताच्या आदिपर्वांत दिसतें. कल्माषपाद राजा आणि वसिष्ठपुत्र शक्ति अरुंद वाटेवर भेटले. दोघांपैकीं एकहि हटेना. राजानें चाबूक उगारला, ऋषीनें शाप दिला, आणि राक्षस बनलेल्या राजानें प्रथम त्या ऋषीलाच खाल्लें. उलट बौद्धांच्या राजोवाद-जातकांत काशीचा ब्रह्मदत्त व कोसलचा मल्लिक यांचे रथ खोलगट वाटेंत समोरासमोर येतात. सारथी वय, राज्य, सैन्य, संपत्ति, कुल यांची तुलना करतात; सर्वच बाबतींत दोघे बरोबरीचे! अखेर निर्णय होतो तो शीलावरून. मल्लिक जशास तसा वागणारा, ब्रह्मदत्त क्रोधाला अक्रोधानें जिंकणारा. हें ऐकतांच मल्लिक खालीं उतरतो व रथ बाजूस काढवितो.

परंतु व्यवहारांत शीलाचा निवाडा क्वचितच झाला. जातीचा मात्र सर्रास झाला. त्रावणकोर संस्थानांत तर कित्येक सार्वजनिक रस्ते दलितांना बंदच होते. १८९३ सालीं अय्यंकाळी यांनीं बैलगाडींत बसून अशाच रस्त्यावरून जाण्याचें धाडस केलें. पुढें १९२४-२५ मध्यें वैकम येथील देवळाभोंवतालच्या रस्त्यांसाठीं सत्याग्रह झाला, तेव्हां कोठें त्यांतले बहुतेक रस्ते सर्वांस खुले झाले. जेथें पाऊल ठेवण्याचीच बंदी, तेथें वाट सोडण्याच्या सौजन्याला अर्थ तो काय उरणार?

आतां राजेहि गेले आणि तो कायदाहि गेला. पण प्रतिष्ठेची रिकामी झालेली गादी यंत्रानें बळकावली. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें यांत्रिक गाडीपुढें लाल निशाण घेतलेला माणूस चालविला होता. १८९६ मध्यें तें बंधन संपलें, आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें एक पादचारी स्त्री मोटारीखालीं सांपडून मरण पावली. मनूनें गाडीला वाट दिली ती, मला वाटतें, चाकोरी सोडणें बैलांना जड जातें म्हणून. मोटार तर नुसत्या पावलाच्या दाबानें थांबते. आपल्याकडील २०१७ चे वाहनचालनाचे नियमहि पट्ट्यांवरून ओलांडणाऱ्या पादचाऱ्यास वाट द्या असेंच सांगतात.

हें सर्व ठाऊक असूनहि परवां मीं काय केलें तें सांगतों. कॉलेजला उशीर होत होता. चौकांतल्या पट्ट्यांवरून डोईवर पाटी घेतलेली एक म्हातारी निघाली होती. मीं कर्णा वाजविला. ती दचकून मागें सरली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती संवय होती. गाडी पुढें गेल्यावर मनाशीं हिशेब केला. मी चक्री आणि पदवीधर, म्हणजे आजचा स्नातक. ती वृद्ध, स्त्री आणि भारवाही. मनूच्या निवाड्यानें कदाचित् मी जिंकलों असतों. जातकाच्या निवाड्यानें मात्र रथावरून उतरण्याची पाळी माझीच होती.