सीताफळाचे गुलगुले

परवा लेकीने हट्ट धरला, "आई, सीताफळाचे गुलगुले कर ना!" धारूरच्या डोंगरातली पाटीभर सीताफळं घरात आलेली. मीही उत्साहाने गर काढला, कणीक-गूळ कालवला, तळले... वरून मस्त कुरकुरीत, आणि आत कडू! सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, हे मी साफ विसरले. आई गुलगुल्यांना नेहमी पिकली केळीच कुस्करायची, ते उगाच नाही.

मग विचार करत बसले. केळं आशियातलंच, आपलं जुनं. सीताफळ मात्र मूळचं अमेरिका खंडातलं. नावात सीता असली तरी १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते इकडे आलं, असं मानतात. पण बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर असं रुजलं की फारसं पाणी नको, निगा नको. शेळीसुद्धा पाल्याला तोंड लावत नाही. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाहुणा पक्का बीडकर झाला!

आणि मूळचे बीडकर? सीताफळं पिकतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. नेमकी तेव्हाच आमच्याकडची हजारो माणसं मुकादमाची उचल फेडायला, कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. आपलं गोडधोड होतं त्याच उसावर. बाहेरून आलेलं झाड इथे टिकलं, इथल्या माणसांना मात्र दरवर्षी घर सोडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी केळ्याचे गुलगुले केले. छान झाले. लेकीने ताट चाटूनपुसून साफ केलं. मला मात्र आदल्या दिवशीचा तो कडूपणाच आठवत राहिला...